ब तुकडीचा बांध

कॅलेंडर मी उलटं टांगलं होतं.

काष्टीच्या बाजारातल्या एका खतवाल्याने माझ्या सासऱ्यांना दिलेलं, आणि वर्ष संपल्यावर सासऱ्यांनी आम्हाला देऊन टाकलेलं ते कॅलेंडर. त्याची पाठ कोरी आणि गुळगुळीत होती. तिच्यावर मी जमिनीवर पालथा पडून, पट्टी आणि दोन रंगांची शाई घेऊन एक आकृती काढली. काढताना वर-खालीचं भान राहिलं नाही, आणि खिळ्याला अडकवायची पत्र्याची पट्टी आकृतीच्या पायाशी आली. शाळा समितीच्या बैठकीत मी ती पट्टी खिळ्याला लावली, आकृतीकडे पाठ केली आणि हातात छडी घेऊन बोलायला लागलो. चांगला पाच मिनिटं बोललो. समोरची माणसं माना वाकड्या करून बघत होती. मला वाटलं, विचार करतायत.

शेवटी चेअरमन म्हणाले, "मास्तर, ब तुकडी तर पार आढ्याला भिडली की हो. पन ह्यो 'अ' डोक्यावर का हुबा ऱ्हायलाय?"

मी वळून बघितलं. 'अ' खरोखरच शीर्षासन करत होता. "उलटं टांगलंय! उलटं टांगलंय!" असं ओरडत मी कॅलेंडरावर अशी झेप घेतली की खिळाच निघून हातात आला. मग शिपायाने दगडाने खिळा ठोकला, कॅलेंडराच्या दुसऱ्या टोकाला भोक पाडून दोरा ओवला, आणि तोवर सगळी समिती पोट धरून हसून घेत होती.

आमच्या घरात ही गोष्ट फार चालते. पोरांना पाठ आहे, जावयाला दोनदा सांगून झाली. मी ती नेहमी इथंच, खिळ्यापाशी थांबवतो. सगळे हसतात. आमची ही तेवढ्यात चहाचं बघायला आत जाते. पुढचं मी कधी सांगितलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

एकोणीसशे सत्तर सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडच्या एका गावात, हायस्कुलात मी गणित शिकवत होतो. वय सत्तावीस, लग्नाला दोन वर्षं, आणि अंगात हुशारी इतकी की सदरा घट्ट व्हावा. गणिताला आम्ही दोघं होतो. दुसरे मास्तर माझ्या वडिलांच्या वयाचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. गाव त्यांना थोरले मास्तर म्हणायचं आणि मला धाकले मास्तर. मला ते 'धाकले' मनातून खुपायचं.

माझ्याकडे अ तुकडी होती, त्यांच्याकडे ब. ब म्हणजे काय, हे शाळेत कुणी बोलत नसे पण सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळी झाली की गावातली बरीच बिऱ्हाडं ऊस तोडायला कारखान्यांकडे जायची. त्याला कोयत्यावर जाणं म्हणतात. मोठी पोरं-पोरीही आईबापांबरोबर जायची आणि होळीच्या सुमाराला परतायची. तोवर वर्ग अर्ध्याहून पुढे गेलेला असे. ही पोरं ब मध्ये घातलेली होती. ती परत आली की थोरले मास्तर शाळा भरायच्या आधी दोन तास व्हरांड्यात त्यांना घेऊन बसायचे. गावात त्याला होळीचा वर्ग म्हणत. समितीतल्या काहींना हे पसंत नव्हतं. असली पोरं मॅट्रिकला बसली की शाळेचा निकाल खाली येतो, असं त्यांचं म्हणणं. थोरले मास्तर म्हणायचे, "बसू द्या की. नापास व्हायला तरी बसावं लागतंच ना."

ही ब तुकडी त्यांनी आठवीपासून सांभाळली होती. शेवटच्या वर्षी तिला मॅट्रिकला बसवायचं आणि मग घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाजवळ लपवली नव्हती.

आता माझ्या विद्येकडे येतो. त्या मे महिन्यात मी गणिताच्या शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरासाठी पुण्याला गेलो होतो. तिथं एक तरतरीत प्राध्यापक अमेरिकेतून नुकते आलेले. त्यांनी सायक्लोस्टाईल केलेले कागद वाटले आणि एक अगदी ताजी आकृती शिकवली. समजा, वर्गात चाळीस पोरं आहेत. त्यांचे गुण सगळ्यांत कमीपासून सगळ्यांत जास्तपर्यंत एका रांगेत लावायचे. रांगेचे दहा-दहाचे चार गट करायचे. मधल्या दोन गटांभोवती एक उभी पेटी काढायची. विसावं पोर संपून एकविसावं सुरू होतं, तिथं पेटीत आडवी रेघ मारायची. खालच्या दहांसाठी पेटीच्या खाली एक शेपटी, वरच्या दहांसाठी वर एक शेपटी. झालं. प्राध्यापक शेपटीला मिशी म्हणत होते. अख्खा वर्ग एका नजरेत दिसतो, असं ते म्हणाले.

ही झाली सकाळ. आकृती वाचायची कशी, हे दुपारच्या तासाला होतं. त्या दुपारी मेसमध्ये आमरस होता. मी सहा वाट्या घेतल्या. दुपारच्या तासाला मी पहिल्या बाकावर, डोळे उघडे ठेवून झोपलो. ही कला मला विद्यार्थी असल्यापासून येते. तर मी आकृती काढायला शिकून गावी आलो. वाचायला शिकून आलो नाही, आणि आपण शिकलो नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

समितीपुढे मी दहावीच्या वार्षिक परीक्षेचे गणिताचे गुण मांडले होते. अकरावीच्या दोन तुकड्या कुणाकडे द्यायच्या, हे त्या बैठकीत ठरायचं होतं. मला कुणी आकृती काढायला सांगितलं नव्हतं. मीच हौसेने नेली.

कॅलेंडर सुलटं झालं तेव्हा डावीकडे माझी अ तुकडी दिसली. आखूड, आटोपशीर पेटी, पन्नासावर मधली रेघ, वर-खाली बेताच्या शेपट्या. उजवीकडे ब. तिची पेटी चोविसापासून साठापर्यंत ताणलेली, शेपटी खाली पार आठ गुणांपर्यंत लोंबलेली, आणि मधली रेघ पेटीत एकदम वर, बावन्नावर.

चेअरमन उठून आकृतीजवळ गेले. चाळीस एकर रानाचा माणूस. त्यांनी बोट ठेवलं. "ही दोन वावरं हायेत असं समजू. मधली रेघ म्हंजी बांध. व्हय ना?"

मला ते फार आवडलं. मी म्हणालो, "अगदी बरोबर."

"मग बगा. अ चा बांध कसा मधोमध हाय. ब चा बांध पार वर सरकलाय. खालचं रान केवढं वाढलं!" मग थोरल्या मास्तरांकडे वळून, डोळा बारीक करून, "बांध कुनी रेटला ओ, थोरले मास्तर?"

सगळे हसले. आमच्याकडे नांगरताना दरसाल वीतभर बांध रेटायचा, यावरून भावाभावांत डोकी फुटतात. त्यामुळे हे हसणं पुरतं हसणं नव्हतं.

"म्हंजी पाऊन वर्ग खालीच लोळतोय," चेअरमन म्हणाले. "आसंच ना, धाकले मास्तर?"

खरं सांगतो, त्या क्षणी मी आकृतीकडे पुन्हा एकदा बघितलं. पाऊण? रेघ तर मधल्या पोरावर मारलीय. पण खालचं रान मोठं दिसत होतं, आणि दिसतं ते असतंच की. शिवाय सगळी समिती माझ्याकडे बघत होती, कौतुकाने. मी म्हणालो, "तसंच म्हणायचं."

उलट्या कॅलेंडरात माझी तुकडी खाली दिसली तेव्हा मी खिळा उपटण्याइतकी घाई केली होती. या वेळी मी जागेवरून हललो नाही.

थोरल्या मास्तरांनी एवढंच विचारलं, "आकडे बरोबर घेतलेत ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नवीन शास्त्र आहे, ते असंच सांगत असेल, असं त्यांना वाटलं असावं. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

बैठकीत ठरलं की अकरावीच्या दोन्ही तुकड्यांचं गणित धाकल्या मास्तरांनी घ्यावं, आणि थोरल्या मास्तरांनी आठवी सांभाळावी. घरी येऊन मी हिला ही बातमी बढती मिळाल्यासारखी सांगितली. ती म्हणाली, "आणि त्यांची पोरं?" मी म्हणालो, "माझीच आता."

रविवारी सकाळी थोरले मास्तर आमच्या खोलीवर आले. ही जमिनीवर बसून ज्वारी निवडत होती. कॅलेंडर भिंतीवर होतं, सुलटं. मास्तरांनी खिशातून ब तुकडीच्या गुणांचा कागद काढला आणि आकृतीसमोर मांडी घातली.

"धाकले मास्तर, रागावू नका. मी घरी मोजून बघितलं, मला एक कोडं पडलंय. ह्या खालच्या शेपटीत पोरं किती?"

"बरीच," मी म्हणालो.

"मोजू या." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. हजेरी नंबर तीन, आठ गुण, कोयत्यावर. हजेरी नंबर सात, अकरा गुण, कोयत्यावर. हजेरी नंबर बारा, कोयत्यावर, आणि परत आली ती ताप घेऊन. असं करत करत ते चोविसापाशी थांबले. "दहा झाली. नऊ कोयत्यावरची आणि एक पाय मोडलेला. आणखी कुणी राहिलं का बघा."

कुणी राहिलं नव्हतं.

"आता पेटीतला हा खालचा लांब तुकडा, बांधापर्यंत?"

दहा.

"आणि बांधाच्या वरचा हा चिंचोळा?"

मी मोजलं. तेही दहाच. बावन्न ते साठ, एवढ्याशा जागेत दहा पोरं, यात्रेतल्या छकड्यात बसावीत तशी खेटून. वरच्या शेपटीत दहा. वीस खाली, वीस वर. पाऊण कुठंच नव्हतं.

"म्हणजे जागा लांब आहे ती पोरं जास्त म्हणून नाही," मास्तर म्हणाले. "तीच दहा पोरं लांब-लांब पांगलीत म्हणून. वावर नव्हे हे. वावरात लांबी वाढली की रान वाढतं. इथं लांबी कितीही वाढू द्या, वाटणी दहाचीच." मग जरा थांबून, आवाज न चढवता, "आणि निम्मी पोरं बांधाच्या खाली असतातच. तुमची पन्नासाच्या खाली आहेत, माझी बावन्नाच्या. माझा बांध तुमच्या बांधाच्या वर आहे, मास्तर. मी तो रेटला नाही."

हिच्या हातातली ज्वारी थांबली होती.

मी म्हणालो, "मास्तर, चूक झाली."

"होते हो. मला वर्ग परत द्या म्हणायला आलो नाही मी. वेळापत्रक लागलं, राहू द्या. पण आता समितीला वाटतंय, ब चा पाऊण वर्ग टाकाऊ आहे. यंदा ही खालची दहा पोरं मॅट्रिकला बसूच द्यायची नाहीत, असं बोलणं सुरू झालंय. ती कोयत्यावरून येतील, मी सकाळचं घेईन त्यांना, तुमची हरकत नसेल तर. नापास झाली तरी चालतील. तुम्ही फक्त चेअरमनांना सांगा की चित्र चुकीचं वाचलं गेलं. तुमचं चित्र आहे. माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "उद्याच सांगतो."

ही उठली आणि तिने मास्तरांना दुसरा कप चहा दिला. आमच्याकडे साखर तेव्हा जपून असायची.

दुसऱ्या दिवशी मी खरंच गेलो. चेअरमन रानात होते, बाजरीची पेरणी चालली होती. मला बघून त्यांनी पाभर थांबवायला लावली, घोंगडं अंथरलं, चहा मागवला. "आमच्या नातवाला बी ती पेट्या काढायची इद्या शिकवा मास्तर," म्हणाले. "लई मुद्द्याचं चित्र. समद्या गावात मी सांगितलं." मी चहा प्यायलो. मग वर्गातला फळा तडकलाय, नवा हवा, असं म्हणालो. फळा मंजूर झाला.

"सांगितलंत?" हिने विचारलं.

"पेरणी चाललीय त्यांची."

आठवड्याने तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं, आणि हेडमास्तरांना पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'सदर आकृतीचे अवलोकन करताना क्वचित प्रसंगी अल्पसा गैरसमज होण्याची शक्यता संपूर्णतः नाकारता येत नाही.' कुणी केला, कुणाचा, कशाबद्दल, काही नाही. हेडमास्तरांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून सही केली आणि पत्र फायलीत लावलं. त्यांना त्यातून काहीही कळलं नव्हतं, आणि ती माझीच करामत होती. मी मात्र घरी येऊन "दिलं लेखी" असं सांगितलं. हिने त्यानंतर विचारणं सोडलं.

दिवाळीनंतर पोरं गेली. जानेवारीत चाचणी परीक्षा झाली, तेव्हा ती दहाच्या दहा गैरहजर होती. पाय मोडलेला पोरगासुद्धा पाय बरा होताच कोयत्यावर गेला होता. मॅट्रिकला बसवायच्या पोरांची यादी माझ्याकडे सहीला आली. ब तुकडीपुढे तीस नावं होती. हेडमास्तर म्हणाले, "समितीचीही तशीच इच्छा आहे." मी सही केली. पेन मध्येच अडलं, म्हणून दोनदा केली.

थोरले मास्तर शिक्षकांच्या खोलीच्या दारात आले. "यादी बघू का?" ते उभ्याउभ्याच वाचायला लागले, वरून खाली, मग खालून वर. "ब ची तीसच?"

"हो."

त्यांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली, वर पेपरवेट ठेवलं आणि आठवीच्या तासाला गेले. त्या वर्षी होळीनंतर व्हरांड्यात वर्ग भरला, पण पुढे परीक्षा नसलेला. चार-पाच पोरं आली. पुढे तीही येईनाशी झाली.

निकाल लागला. शाळेचा तोवरचा सगळ्यांत चांगला. चेअरमननी मला नारळ दिला. मी चाळीसच्या जागी तीस पोरांची पेटी काढून बघितली, घरी, कुणाला न दाखवता. फार सुबक आली. आखूड, आटोपशीर, बांध मधोमध, खाली बोटभर शेपटी. दहा पोरं गाळली की कुणाचीही पेटी तशीच येते. मी तो कागद चुलीत घातला.

पंधरा दिवसांनी थोरल्या मास्तरांचा निरोप समारंभ झाला. शाळेच्या पटांगणात मांडव होता, अर्धा गाव जमलेला. शिक्षकांच्या वतीने मी बोललो. आणि काय बोललो! त्यांचं अक्षर, त्यांची टोपी, त्यांचा पाढे म्हणून घ्यायचा सूर, होळीचा वर्ग, सगळं आणलं. 'माझ्यासारख्या धाकल्याला त्यांनी मोजायला शिकवलं' असंही म्हणालो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खोटं नव्हतं. बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले. थोरल्या मास्तरांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे बघून हात जोडले. ते माझं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणखी काही यायचं असल्यासारखे. मी खुर्चीवर जाऊन बसलो.

ऊन उतरलं होतं. आम्ही दोघं चालत घराकडे निघालो. लोक वाटेत थांबवून माझ्या भाषणाचं कौतुक करत होते. ही डोक्यावर पदर घेऊन दोन पावलं मागं चालत होती. शेवटचं माणूस वळून गेलं तशी ती माझ्या बरोबरीला आली.

"छान बोललात," ती म्हणाली.

आणखी वीस-पंचवीस पावलं आम्ही तशीच चाललो.

"चेअरमन पहिल्याच रांगेत बसले होते," ती म्हणाली.